रबर घट्ट बसलं

रादोयच्या कॅमेऱ्याचं रबर सुटलं होतं, हे खोटं नव्हतं. मुठीखालचं रबर घामाने फुगून काठाशी बाहेर आलं होतं, आणि अंगठ्याखालचा तुकडा तर केव्हाचा लोंबत होता. एवढ्या एका खऱ्या गोष्टीवर त्याने आख्खा उन्हाळा रेटला होता. लोम गावातली दोन लग्नं त्याच्या हातून गेली होती. दोन्ही वेळा नवरीने रीतीप्रमाणे दारातलं पाण्याचं तांब्याचं भांडं लाथेने उडवलं, आणि दोन्ही वेळा फोटोत पाय, पाणी, सासू सगळंच हललेलं आलं. ती लाथ एकदाच मारायची असते. भांडं भरून पुन्हा ठेवा, असं कोणी फोटोवाल्यासाठी करत नाही.

"रबर सरकतं हातातून," रादोय सांगायचा. लोक भिडेखातर मान्य करायचे.

आता शनिवारी झोर्नित्साचं लग्न होतं. ती त्याच्या मेलेल्या मित्राची मुलगी. बाप्तिस्म्यापासून तिचा एकेक फोटो रादोयने काढलेला. लग्नाचेही मीच काढणार, असा शब्द त्याने तिच्या बापाला दिला होता, आणि त्या शब्दातून मोकळं करायला तो बाप आता जिवंत नव्हता.

शुक्रवारी दुपारी बायकोने, स्तान्काने, शिवणाचं टेबल मोकळं केलं.

"आण इकडे ते धूड. तुझ्याच्याने नाही व्हायचं."

तिने दोन्ही रबरं सोलून काढली, खालचा जुना चिकटा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडला आणि औषधाच्या दुकानातल्या स्पिरिटने पुसला.

"राकिया घे की, घरची आहे. कडक आहे," रादोय म्हणाला.

"म्हणजे एक घोट कॅमेऱ्याला आणि चार तुला. बस गप."

तिने कॉलरचा कापावा तसा कागदाचा नमुना कापला, त्यावरून दोन्हीकडून चिकटणारी टेप कापली. फुगलेलं रबर जागेपेक्षा मोठं झालं होतं. पण खांद्याशी बाही बसवताना जास्तीचं कापड चुणी न पडता जिरवतात, तसं तिने ते मधून काठाकडे दाबत जिरवलं.

"आधी फ्लॅश वाईट होता. मग भिंग. आता रबर," ती दाबता दाबता म्हणाली. "नाचता येईना—" आणि पुढचं तिने गिळलं.

रादोय हसला, पण ते हसू काही जमलं नाही.

रबर असं बसलं की काठाला नखही लागेना. स्तान्का खिडकीशी उभी राहिली.

"काढ माझा. थांब, पोट आत घेते."

कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकीतून निसटणारी दुसरी स्तान्का आली. त्याने पुन्हा काढला. कोपर खुर्चीला टेकवून आणखी एक काढला. रबर जागचं हलत नव्हतं.

"कसा आलाय?"

"झकास. तरुण दिसतेस."

"खोटारडा," ती खुशीत म्हणाली आणि ओव्हनमधली बनित्सा करपेल म्हणून आत पळाली.

रादोयने अंगठ्याखालच्या रबराच्या काठात किल्ली खुपसली. बायकोचं काम पक्कं होतं, जोर लावावा लागला. तिच्या मेहनतीची त्याला लाज वाटली, तरी हात थांबला नाही. ओढलेल्या टेपसकट तुकडा हातात आला.

स्तान्का बशी घेऊन दारात उभी होती. तिने तुकडा पाहिला, किल्ली पाहिली. मग बशी ठेवली आणि फोन लावला.

"झोर्ना, बाळा, अगं काकांचा कॅमेरा बिघडला. रबर गं, तेच. नाही, आता नाही व्हायचा दुरुस्त."

रादोयचा जीव भांड्यात पडला. झोर्नित्साचा आवाज मोठा, त्यालाही ऐकू आला.

"एवढंच ना काकू? घाबरलेच मी! माझ्या होणाऱ्या दिराकडे नवाकोरा आहे, अगदी तसलाच. काकांना सांगा, काही आणू नका. नुसते हात घेऊन या!"

स्तान्काने फोन छातीशी धरला आणि नवऱ्याकडे पाहिलं. रादोयने उजवा हात टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. आज त्याने तो लपवला नाही.

"सांग तिला," तो म्हणाला.

"मी रबराचं सांगितलं," ती म्हणाली. "हे तूच सांग."

फोन धरायला त्याला दोन्ही हात लागले.