खाणीच्या चढावर थांबलेली गाडी

मित्रांनो, गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक जुनी गाडी धूळ खात उभी आहे, ती मी. चारही चाकांना जोर मिळावा, अशा बेतानं मला बनवलं होतं. चिखल असो, वाळू असो, रस्ता संपला की माझं काम सुरू व्हायचं. रुतलेली, बंद पडलेली वाहनं ओढून आणायची, हाच आमचा पोटापाण्याचा धंदा.

आमचा म्हणजे दोघा भावंडांचा आणि माझा. वडील गेल्यावर ताई स्टिअरिंगवर बसू लागली आणि धाकटा भाऊ खाली उतरून साखळ्या लावू लागला. तो लहानपणापासून घरादाराला हुकूम सोडायचा, म्हणून सगळे त्याला फौजदार म्हणत. ताईचा पाय इतका हलका, की क्लच सोडताना साखळीला हिसका बसत नसे. एकदा ओढ्यात कललेली शाळेची बस आम्ही बाहेर काढली. उतरताना मुलं माझ्या बॉनेटवरून हात फिरवून गेली. ते ओले, चिखलाचे हात मला अजून आठवतात.

पुढे दुसऱ्या एकानं याच धंद्यात नव्या, दांडग्या गाड्या आणल्या. मी चढावर धापा टाकत असे, वाटेत उभी राहून दम खात असे. गिऱ्हाइकं तिकडे वळली. कुणीतरी फौजदाराच्या तोंडावरच मला म्हातारी म्हणालं. त्याच्या ते फार जिव्हारी लागलं.

मला तपासायला दोघांचा मामा आला. गॅरेज त्याचंच. त्यानं माझं बॉनेट उघडलं आणि काय काय करता येईल ते समजावून सांगितलं. इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवला, इंधन वाढवलं, तर अंगात भरपूर जोर येईल. पण इंजिन तापेलही तितकंच. मग मोठा रेडिएटर हवा, ब्रेकही तगडे हवेत. नाहीतर इंजिनाला हात न लावता नुसते गिअर बदलायचे. वेग जाईल, पण ओढायची ताकद वाढेल.

ताईला गिअर आणि रेडिएटर पटले. आपल्याला कुठे शर्यत लावायची आहे, असं ती म्हणाली. फौजदार मात्र टर्बोवर अडून बसला. सगळं एकदम करणं त्यांना झेपणारं नव्हतं. दोघांत दोन दिवस अबोला झाला. शेवटी ताईनंच माघार घेतली. भावाचा उतरलेला चेहरा तिला बघवेना. रेडिएटर आणि ब्रेक पुढच्या हंगामात करू, असं ठरलं. मामानं मान हलवली, कुरकुरला, आणि लाडक्या भाच्यासाठी टर्बो बसवून दिला.

खोटं कशाला बोलू, मलाही तो जोर आवडला. पहिल्याच दिवशी मी रुतलेला ट्रॅक्टर लोण्यातून सुरी काढावी तसा बाहेर काढला. फौजदारानं माझ्या दारावर थाप मारली. गिऱ्हाइकं परत आली.

मग खाणीतलं काम आलं. दगड फोडायच्या यंत्रांना हवा पुरवणारा, चाकांवरचा एक अवजड कॉम्प्रेसर तळाशी बंद पडला होता. भर दुपार होती, दगड तापले होते. असल्या चढावर आम्ही नेहमी मध्ये थांबून इंजिन निववत असू. त्या दिवशी फौजदार म्हणाला, “ताई, आता थांबायचं काम नाही. सरळ वर घे.”

तो हातात चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा घेऊन बाजूनं चालत होता. अर्ध्यावर माझा तापमानाचा काटा लाल खुणेकडे सरकू लागला. ताईनं तो पाहिला. पण तिथे चढ इतका उभा होता, की थांबणंही धोक्याचं होतं. आणखी थोडंच उरलंय, असं पुटपुटत तिनं मला पुढे रेटलं. माझ्या आत काहीतरी फुटलं. वाफेचा लोट उठला आणि मी बंद पडले.

इंजिन बंद पडलं, की माझा ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. ताई दोन्ही पायांनी त्यावर उभी राहिली, हँडब्रेक ओढला. तरी मागचं वजन मला खाली खेचत राहिलं. फौजदार ठोकळा लावायला कॉम्प्रेसरच्या चाकामागे धावला.

“बाजूला हो! जाऊ दे गाडी!” ताई ओरडली.

त्यानं ठोकळा लावला. तो निसटला. कॉम्प्रेसर आडवा होऊन दरडीला टेकला, तेव्हा मी थांबले. फौजदार कॉम्प्रेसर आणि दरडीच्या मध्ये होता.

त्याला काढायला त्या दुसऱ्याच्याच गाड्या आल्या. त्यांनी फार सांभाळून काम केलं. पण उशीर झाला होता.

मामानं त्यानंतर गॅरेज बरेच दिवस उघडलं नाही. ताई माझ्यात पुन्हा बसली नाही. मोडीत काढा असंही तिनं कुणाला सांगितलं नाही. तिनं दुसरी जुनी गाडी घेतली, आधी तिचा रेडिएटर आणि ब्रेक बदलले आणि इंजिन होतं तसंच ठेवलं. ती चढावर मध्येच थांबते, स्वतः उतरून चाकांना ठोकळे लावते. गिऱ्हाइकं घाई करतात. ती इंजिन निवेपर्यंत जागची हलत नाही.

मित्रांनो, यंत्राचा जोर वाढवायला माझी ना नाही. पण तो जोर निववायची आणि थांबवायची सोय आधी करा. आम्ही यंत्रं तोंडानं सांगू शकत नाही. काटा सरकतो, वास येतो, आवाज बदलतो. आमचं बोलणं ते एवढंच. ते वेळीच ऐका, कारण आमच्या मागेपुढे कुणाचं तरी माणूस चालत असतं.

पूर्वी आई दोघांना ‘लवकर या’ म्हणायची. आता सकाळी ती दारात येते आणि एकट्या ताईला म्हणते, “सावकाश ये.”