नाव न बदललेल्या बाईचा पाव

"आधी दार लाव, मग काय ते विचार," एफीमावशी म्हणाली.

ब्लांश पार्डी, म्हणजे तिची धाकटी जाऊ, बुटांवरचा बर्फ पायपुसण्यावर आपटत उघड्या दारातच उभी होती. तिच्यामागून वारा आत घुसत होता.

"लावते गं. पण खरं सांग. सेल्बी बुगडेननं तुला मागणी घातली म्हणतात."

"घातली."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, विचार करते."

"विचार? साठी उलटली तुझी!"

"म्हणूनच म्हटलं, लवकर करते."

मी, तिची शेजारीण, टेबलाशी कांदे चिरत होते, त्यामुळे मला हसू आलं की डोळ्यांत पाणी, हे कुणाला कळलं नाही. हिवाळ्याचं औषध चाललं होतं. बरणीत एक थर कांदा, एक थर काकवी, वर घट्ट झाकण. रात्रभरात कांदा पाणी सोडतो आणि घशासाठी चमचा चमचा घ्यायला बरं पडतं. छातीला हंसाची चरबी चोळायची, वर लाल फ्लॅनेल गुंडाळायचं. सर्दीला मोहरीच्या गरम पाण्यात पाय. एवढं तर आमच्या खाडीत कुणालाही येतं, मलाही येतं. पण लहान मुलाला कुत्रं भुंकल्यासारखा घोगरा खोकला लागला, की लोक एकच दार ठोठावत, एफीमावशीचं. तिच्या हातचा पाव लागायचा.

एफीमावशी माहेरची पार्डी आणि सासरचीही पार्डी. नवरा विल्फ, आता वारलेला, खाडीच्या वरच्या टोकाच्या पार्डींपैकी; माहेरच्या पार्डींशी त्याचं दूरदूरचंही नातं नाही. लग्नात जिचं नाव बदललं नाही, तिच्या हातच्या पावानं मुलांचा खोकला जातो, हे न्यूफाउंडलंडच्या या किनाऱ्यावर आमच्या आज्यांच्या आज्यांपासून चालत आलेलं. पाव तिनंच कापायचा, लोणीही तिनंच लावायचं. पैसे द्यायचे नाहीत आणि आभारही मानायचे नाहीत, नाहीतर गुण जातो. त्यामुळे माणसं तिच्या घरातून तोंड मिटून निघत. नवख्याला वाटावं, भांडून चाललीत.

दवाखान्यात नर्सबाई आहेत. मुलाला तपासतात, बाटली देतात. ती पर्समध्ये टाकून आया तशाच मावशीकडे येतात. दोन्हीकडून बंदोबस्त.

आता ब्लांशचा मुद्दा असा होता, "तू बुगडेन झालीस, तर आमच्या पोरांनी खोकायचं कुणाच्या जिवावर?"

मावशी कणीक मळत राहिली.

मासळीचा कारखाना बंद पडल्यापासून गावाकडे वेळच वेळ होता. आठवडाभर दुकानात दुसरा विषय नाही. दुकानदार गार्लंड म्हणाला, "सोपं आहे. तिनं नाव बदलूच नये. हल्लीच्या मुली कुठं बदलतात?"

"हो का?" ब्लांश म्हणाली. "माझ्या भाचीनंही बदललं नाही. सेंट जॉन्सला वकील आहे ती. तिच्या हातचा पाव खाशील? तिला अंडं उकडता येत नाही."

"मग सेल्बीनं पार्डी व्हावं."

"म्हणजे तो पाव देणार?"

इथं गाडी अडली. नियम नेमका काय, नाव कागदावरचं की चर्चमधलं की लोकांच्या तोंडातलं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पाद्रींना विचारलं, तर ते म्हणाले की याबाबतीत बायबल गप्प आहे, आणि त्यांनी मला कांद्याची कृती विचारली. त्यांचा घसा बसला होता.

शेवटी तोडगा ब्लांशनंच काढला. तिची धाकटी, लोरेटा, लग्नाची होती. फेरीबोटीवर काम करणाऱ्या एका पॉवर आडनावाच्या मुलाबरोबर ती फिरायची, हे सगळं गाव जाणून होतं.

"लोरेटानं खालच्या टोकाच्या सेसिल पार्डीला हो म्हणावं," ब्लांश म्हणाली. "एफीनंतर पाव द्यायला कुणीतरी लागणारच की."

"आई, सेसिल जेवतानासुद्धा टोपी काढत नाही."

"टोपीचं काय घेऊन बसलीस! आडनाव बघ."

पहिल्यांदा आम्ही हसलो. मग ब्लांशनं सेसिलच्या आईला चहाला बोलावलं आणि हसू ओसरलं.

हे मी एफीमावशीला सांगितलं तेव्हा ती जळणाची लाकडं रचत होती. हातातलं लाकूड घेऊन ती तशीच उभी राहिली.

"मलाही असंच सांगितलं होतं, म्यूरियल."

"काय?"

"हन्ना पार्डी वारली होती. ती पाव द्यायची आधी. त्या हिवाळ्यात दोघांनी मला विचारलं, विल्फनं आणि सेल्बीनं. आई म्हणाली, सेल्बी चांगलाच आहे गं, पण गावाला पाव लागतो."

"आणि तू..."

"मी एकोणिसाची होते. गावाला लागतो म्हटल्यावर काय बोलणार?" तिनं लाकूड नीट जागेवर ठेवलं. "विल्फ वाईट नव्हता हं. थंडीत आधी माझ्या बाजूला झोपून गादी गरम करायचा, मग आपल्या बाजूला सरकायचा. बोलायचा नाही काही. सरकायचा."

सेल्बी खाडीपलीकडे गेला, तिकडे संसार केला, बायको गेली. आणि आता, लोक नातवंडांचे मोजे विणतात त्या वयात, तो पुन्हा विचारायला आला होता.

वारा पडला त्या शुक्रवारी मावशी मला म्हणाली, "फेरीबोटीनं पलीकडे चल माझ्याबरोबर. चांगला कोट घाल."

तिथल्या लहानशा चर्चमध्ये सेल्बीचा मुलगा आणि मी, एवढेच साक्षीदार. सेल्बीचे कान लालबुंद झाले होते. सही करताना मावशीनं आधी नुसतं 'एफी' लिहिलं, थांबली, आणि मग पुढचं 'बुगडेन' शाळकरी मुलीसारखं एकेक अक्षर जुळवत काढलं. सेल्बी घर आवरून, कोंबड्यांची सोय लावून महिनाअखेर येणार होता. तोवर कुणाला सांगायचं नाही, असं ठरलं.

दुसऱ्याच दिवशी ब्लांशच्या नातवाला खोकला लागला. वर्षाचं पोर, भुंकत होतं अगदी. नर्सबाईंनी बघून औषध दिलं होतं. ब्लांश दारात आली, शाल वेडीवाकडी. "एफी, पाव."

मावशीनं सुरी उचलली आणि माझ्याकडे पाहिलं. मी बरणी पुसायला घेतली. ती पुसलेलीच होती.

मावशीनं पाव कापला, लोणी लावलं, फडक्यात बांधून दिला. ब्लांश रीतीप्रमाणे एक शब्द न बोलता गेली. मग मावशी खाली बसली.

"गुण नाही आला, तर त्या लेकराचे हाल," ती म्हणाली.

"येईल गं."

"आणि आला तर?"

"तर बरंच की."

"मग मी विल्फशी लग्न कशासाठी केलं, म्यूरियल?"

तिनं डोळे मिटून हात जोडले. ती देवाकडे काय मागत असेल, मला कळेना. पोर बरं होऊ दे, हे तर मागत असणारच. पण ते मागताना तिचा चेहरा असा झाला होता, की जणू माणूस आपलंच घर जळताना त्यात अडकलेल्या शेजाऱ्याला हाका मारतोय.

पोर बरं झालं. सोमवारी ब्लांश दुकानात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होती, "बघा, पार्डीच्या पावाचा गुण! आणि हो, रविवारी सेसिल जेवायला येतोय आमच्याकडे."

मी मावशीकडे जाऊन तिला ते सांगितलं, आणि सांगायला नको होतं असं वाटेपर्यंत तिनं कोट घातलासुद्धा. मी तिच्या मागं गेले.

ब्लांशच्या स्वयंपाकघरात नातू तिच्या मांडीवर होता, लोरेटा बटाटे सोलत होती. मावशी बसली नाही.

"ब्लांश, मी शुक्रवारी लग्न केलं. तुझ्या नातवानं बुगडेनच्या हातचा पाव खाल्ला."

ब्लांशनं पटकन पोराकडे पाहिलं, जणू ते आता लगेच खोकणार. पोर तिच्या बटणाशी खेळत होतं.

"पण तो बरा झाला," ब्लांश म्हणाली.

"झाला."

"मग... म्हणजे नाव..." ती माझ्याकडे वळली. मी खिडकीकडे. "म्हणजे इतकी वर्षं काय होतं गं ते, एफी?"

"मला नाही माहीत," मावशी म्हणाली. "तू तुझं बघ. पण पावासाठी पोरीला कुणाला देऊ नकोस."

लोरेटानं वर पाहिलं नाही, सुरीही थांबवली नाही. फक्त बटाट्याचं साल लांबच लांब होत खाली जमिनीला टेकलं.

रविवारी सेसिल आला नाही. आणि मावशीच्या दारीही कुणी आलं नाही. पुढच्या आठवड्यात नाही, त्यापुढच्याही नाही. आया दवाखान्यातून निघून तिच्या खिडकीवरून जाताना समुद्राकडे बघत चालायच्या. मुलं पूर्वीसारखीच बरी होत होती, कुणी लवकर, कुणी उशिरा. कुणी रागावलं होतं असंही नाही. दुकानात तिच्याशी बोलायचे, हवापाण्याचं विचारायचे. पण माणसं तिच्यापुढं जरा चाचपडायची, ओळखीच्या घरात कुणी कपाट हलवून ठेवल्यावर अंधारात चाचपडतात तशी. मावशी मात्र भट्टीत पूर्वीएवढेच पाव लावत होती. उरलेले मला देत होती. आमच्याकडे त्या महिन्यात रोज पाव होता.

महिनाअखेर सेल्बी आला. एक पेटी, दोन कोंबड्या आणि फेरीवरच्या वाऱ्यानं धरलेला खोकला. "मी काही लहान मूल नाही," तो हसत म्हणाला, "पण मलाही दे की तो तुझा पाव." मावशीनं दिला. कांद्याची बरणी झाली, छातीला चरबी झाली, नर्सबाईंची बाटली झाली. नर्सबाई म्हणाल्या, छाती साफ आहे, वयाचा खोकला आहे, रेंगाळेल.

एका सकाळी मी गेले, तर तो आतल्या खोलीत खोकत होता आणि मावशी टेबलाशी पाव कापत होती.

"अजून उतार नाही?" मी विचारलं.

"नाही गं." आवाजात काळजी होती. तिनं सुरी ठेवली, मान कलती केली आणि तो खोकला पार थांबेपर्यंत ऐकला. "विल्फचं नाव लावत होते तोवर असं कधी झालं नव्हतं. एकदासुद्धा नाही. कुणाच्याही बाबतीत."

एवढं म्हणून ती बहुतेक हसली. मला नक्की सांगता येणार नाही, कारण तिनं लगेच खाली वाकून लोणी अगदी कडेपर्यंत लावलं, आणि ताटली घेऊन नवऱ्याकडे आत गेली.