यादीतलं रिकामं घर

पेंटरभाऊ रंगाचा डबा घेऊन गल्लीत शिरला तेव्हा मुंगीची आई खिडकीच्या फटीला डोळा लावून उभी होती. गेले पंधरा दिवस ती तिथंच उभी होती म्हटलं तरी चालेल. त्यांच्या लोकांचं प्रार्थनाघर जळालं, त्यांच्या दुकानांची कुलपं तुटली, आणि बालवाडीच्या बाईंनी "थोडे दिवस मुलीला घरीच राहू दे हं" असं साखर घोळलेल्या आवाजात सांगितलं, तेव्हापासून तिला दुसरं काही सुचतच नव्हतं. नवरा सहा तासांवरच्या शहरात, सुतळीच्या गोदामात कामाला. फोन बंद, रस्ते बंद. घरात ती, साडेतीन वर्षांची मुंगी आणि सासूबाई. म्हणजे एक भित्री, एक बडबडी आणि एक तापट.

पेंटरभाऊ त्यांच्यातला नव्हता, पण परकाही नव्हता. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या. पाटी रंगवण्याआधी मजकूर कागदावर लिहून तो मुंगीच्या आईकडून तपासून न्यायचा. "हात माझा, डोकं तुमचं, वहिनी," असं म्हणायचा. आज कचेरीनं त्याला पांढरा रंग आणि एक यादी दिली होती. यादीतल्या प्रत्येक दारावर घरात माणसं किती तो आकडा काढायचा, तोच यादीत भरायचा आणि खाली सही करून कागद परत द्यायचा. कशासाठी, ते त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं. पण अशा दिवसांत दारावर खूण म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

शिंपीणकाकूंच्या दारावर पाच. बेकरीवाल्याच्या दारावर आठ. एकेक आकडा तो असा ठसठशीत काढत होता की जणू दुकानाचं उद्घाटन आहे. सवयीचा हात, त्याला वाईट काढताच येत नव्हतं.

मग पावलं तिच्या दाराशी थांबली. तिनं मुंगीला छातीशी घट्ट धरलं.

"वहिनी," दाराच्या फटीतून आवाज आला, "दार उघडू नका. यादीत तुमच्या घरापुढं 'रिकामं' लिहितोय, दारावर काही काढत नाही. बाहेरून कुलूप घालतो. मागच्या दारानं या-जा. कुणी आलंच, तर आत माणूस नाही."

"भाऊ, उद्या तुमच्या अंगाशी आलं तर?"

"बघू उद्याचं उद्या."

कुलूप खट्कन लागलं आणि ती दाराला कपाळ टेकून रडली.

तीन दिवस त्यांनी घर रिकामं ठेवलं. दिवसा स्टोव्ह पेटवायचा नाही, नळ जोरात सोडायचा नाही. मागच्या बोळातल्या हौदावर पाण्याला गेली की शिंपीणकाकू हटकून भेटायच्या.

"आमच्या दारावर पाच, बेकरीवाल्याच्या दारावर आठ, आणि तुमचं दार कसं चकचकीत!" बादली आपटत त्या म्हणाल्या. "शिकलेल्यांची गोष्टच न्यारी. ओळखी लागतात बाई, ओळखी."

तिनं आपली बादली उचलली आणि घरची वाट धरली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं होतं. सगळ्या गल्लीची दारं खुणेची आणि आपलं एक कोरं, हे पाहून पंधरा दिवसांत पहिल्यांदा तिचा डोळा लागला होता. झोप झाल्यावर लाज वाटली, पण झोप झाल्यावरच.

चौथ्या दिवशी सकाळी गल्लीच्या तोंडाशी तीन ट्रक येऊन उभे राहिले. जमाव असेल म्हणून तिनं फटीला डोळा लावला, तर शिपाई होते, आणि कर्णा घेतलेला एक कारकून.

"यादीतल्या लोकांना नदीपलीकडच्या छावणीत हलवण्यात येईल. दारावर जितका आकडा, तितकीच माणसं. माणशी एक गाठोडं. संध्याकाळनंतर या भागाची जबाबदारी आमची नाही."

म्हणजे ते आकडे जाळायला नव्हते, वाचवायला होते! तिनं मुंगीला कडेवर घेतलं, सासूबाईंचा हात धरला आणि मागच्या बोळातून धावत सुटली.

"चौदा नंबर?" कारकुनानं कागदावरून बोट फिरवलं. "रिकामं."

"रिकामं कसं, साहेब? ही काय, तीन माणसं तुमच्यासमोर उभी आहोत!"

"मी डोळ्यांनी मोजत नाही, बाई. कागदावरून मोजतो. पुढं छावणीच्या फाटकावर डोकी मोजतात. एक जास्त निघालं तर अख्खा ट्रक परत. चालेल यांना?" त्यानं ट्रककडे हात केला. ट्रकमधले सगळे दुसरीकडे बघायला लागले.

"अरे, आम्ही काय भुतं आहोत का?" सासूबाई कडाडल्या.

दारं दाखवायला म्हणून पेंटरभाऊ कारकुनामागेच उभा होता. तोंडावरचा रंग पार उडालेला. तो घसा खाकरून म्हणाला, "साहेब, कदाचित माझ्या पाहण्यात..."

"सही तुझीच ना? खोटं लिहिलंस?"

एक शिपाई वळला. पेंटरभाऊनं मान खाली घातली. "कुलूप होतं, साहेब."

कुलूप त्यानंच घातलं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण बोलून काय होणार होतं? त्याची हाडं मोडली असती, कागदावरचा शब्द काही मोडला नसता. आणि त्यालाही दोन मुली होत्या. तिनं शब्द गिळले. ते गिळताना तिला त्याचा जितका राग आला, तितका त्या पंधरा दिवसांत प्रार्थनाघर जाळणाऱ्यांचाही आला नव्हता.

"ए मुंगीच्या आई!" ट्रकमधून शिंपीणकाकू ओरडल्या. "इकडे ये! आमचे मामंजी येत नाहीत. शिलाई मशीन सोडून परक्या जागी मरायला येणार नाही म्हणतात. आकडा पाचाचा आहे आणि आम्ही चौघंच. पाचवं डोकं कुणाचं, ते काही दारावर लिहिलेलं नाही."

ती पुढं झाली. "मी हिला मांडीवर घेऊन बसते, म्हणजे एकच जागा..."

"मूल म्हणजेही डोकंच," कारकून कागदातून वर न बघता म्हणाला.

सासूबाईंनी तिच्या दंडाला चिमटा काढला. "बघत काय बसलीस? दे पोरीला वर!"

तिनं मुंगीला वर दिलं. मुंगीला वाटलं फिरायला चाललो. "आई, तू पण चढ," ती म्हणाली.

"काकू, हिला शेंगदाणे देऊ नका, घशात अडकतात. खोकला आला तर गरम पाणी. झोपताना कान झाकावे लागतात, नाहीतर झोपत नाही. शी लागली की सांगत नाही, नुसती गप्प होते, तेवढं बघा..."

"अगं, दोन पोरं वाढवलीत मी. ही काय काचेची आहे?" काकू म्हणाल्या. मग तिच्याकडे नीट बघून हळूच म्हणाल्या, "काचेचीच आहे. कळतंय मला."

ट्रक हलला. मुंगीनं तोंड उघडलं, पण इंजिनाच्या आवाजात काही ऐकू आलं नाही.

धूळ खाली बसल्यावर ती मटकन ओट्यावर बसली. "आई," ती सासूबाईंना म्हणाली, "शेंगदाणे सांगितले, कान सांगितले. ह्यांचा पत्ता सांगायचा राहिला हो! काकूंना नुसतं माहीत आहे, ते बाहेरगावी असतात. छावणीत हिला विचारलं, तुझे बाबा कुठं असतात, तर ही सांगेल, 'कामाला.'"

पेंटरभाऊ अजून तिथंच घुटमळत होता. "लिहून द्या, वहिनी," तो म्हणाला. "फाटकावर ट्रक थांबतातच. सायकलवर गाठतो."

तिनं पत्ता लिहिला. नवऱ्याचं नाव, गोदामाचं नाव, रस्ता, मालकाचा फोन. दोनदा वाचला, तपासला. तो कागद खिशात घालून तो निघाला.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो मागच्या दाराशी आला. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला, गुडघा खरचटलेला.

"दिला," तो म्हणाला. "काकूंच्याच हातात दिला."

"फाटक उघडं होतं?"

"होतं. म्हणजे, बंद करतच होते."

"मुंगी?"

"हसत होती, वहिनी. हात हलवला तिनं मला."

आईशिवाय, अनोळखी माणसांच्या गर्दीत मुंगी हसली असती का, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? हा माणूस दुष्ट नव्हता. तिचं बरं व्हावं म्हणून तो काहीही लिहू शकत होता आणि काहीही सांगू शकत होता. तिनं त्याच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला. तो खरचटलेल्या गुडघ्याकडे बघत होता.

"खरं सांगा," एवढंच म्हणायचं होतं. तिला ते म्हणवेना.

"काय गं?" आतून सासूबाईंचा आवाज आला. "पोचला का कागद?"

मुंगीच्या आईनं दाराची चौकट धरली.

"हो, आई," ती म्हणाली. "पोचला."