साडेसातचं रडणं

मोठीचं मत मागायची वेळ कुणावर कधी आली नाही, ते आपोआप मिळायचं. इमारतीच्या तळाशी कपडे घट्ट-सैल करून द्यायचं तिचं दुकान होतं. पँटची लांबी कमी करायला गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं, की खाली बसून टाचण्या लावता लावता ती सुरू व्हायची. साडेसातच्या मालिकेतला नायक म्हणजे एक भुवई आणि दोन सदरे. त्याची आई झालेली बाई संवाद म्हणते की वाणसामानाची यादी वाचते तेच कळत नाही. आणि संगीताचं तर विचारूच नका, कुणी फ्रिज उघडला तरी ढोल बडवतात, आत काय प्रेत ठेवलंय की काय. गिऱ्हाईक हसून मान डोलवायचं, कारण टाचण्या तिच्या हातात असायच्या.

फक्त एका गोष्टीला तिने कधी नावं ठेवली नाहीत, ती म्हणजे नायिकेचं रडणं. एरवी नायिका नुसता ठोकळा, हेही मोठीचंच मत. पण ती रडायला लागली की मोठीचा पदर डोळ्यांना लागायचा. असं रडणं शिकवून येत नाही, आतूनच यावं लागतं, असं ती ठासून सांगायची. नायिकेची आई मरते त्या भागातला दीड मिनिटाचा तुकडा तिने फोनमध्ये जपून ठेवला होता. कुणी शंका काढली, की ती फोन थेट त्याच्या कानाला लावायची.

दुकानात खपणारी ही सगळी मतं आधी नानांवर आजमावलेली असायची. नाना म्हणजे तिचे सासरे, ती त्यांची मोठी सून. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले होते, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. रोज साडेसातला मोठी त्यांच्याशेजारी बसून पडद्यावर काय चाललंय ते सांगायची, अर्थात मतांसकट. टीव्ही लागला की तिचा नवरा उठून गॅलरीत जायचा, आणि मुलगी परगावी नोकरीला होती. मधे न तोडता तिचं ऐकून घेणारा माणूस तिला जगात एवढा एकच होता. हे ती कुणाला सांगणार नव्हती, पण नानांशिवायचा साडेसातचा ठोका तिच्या कल्पनेतही नव्हता.

आणि नेमके नानाच धाकट्या जावेला आपल्या घरी हवे होते. मोठीचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आणि मागच्या महिन्यात नाना जिन्यात घसरून पडले होते. धाकटीचं घर तळमजल्यावर होतं. रविवारी सगळ्यांनी मोठीकडे बसून काय ते ठरवायचं, असं दोघा भावांनी परस्पर नक्की केलं.

मोठीच्या लेखी धाकटी म्हणजे वाळकं लाकूड. सहा महिन्यांपूर्वी सासूबाई गेल्या तेव्हा घरदार रडत होतं, हिच्या डोळ्यांत टिपूस नाही. ही आपली चहा करतेय, खुर्च्या मांडतेय. तिसऱ्या दिवशी तर सरळ कामावर गेली. कुठल्याशा स्टुडिओत जायची, आणि काय करतेस म्हणून विचारलं तर आवाजाचं काहीतरी, असं पुटपुटून गप्प व्हायची. तिथे फोन उचलायला ठेवली असेल, असं मोठीने आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

रविवारी मोठी धार लावूनच बसली होती. धाकट्या दिराने जिन्याची गोष्ट काढल्याबरोबर तिने ती उडवून लावली. म्हाताऱ्या माणसाला पायऱ्या मोजून देणारं कुणी नको, जीव लावणारं हवं, असं म्हणून ती धाकटीकडे वळली. मग सासूबाई गेल्या त्या दिवसाचा चहा निघाला, खुर्च्या निघाल्या, तिसरा दिवस निघाला. मोठीचा नवरा छताकडे बघत राहिला.

"ताई, मला चारचौघांत रडता येत नाही," धाकटी म्हणाली. "म्हणून वाटलं नाही असं होतं का?"

मोठीने याच्यासाठीच फोन हाताशी ठेवला होता. "रडणं कशाला म्हणतात ते ऐक. ही पैसे घेऊन रडते, तेही खोट्या आईसाठी, तरी काळीज हलतं. आणि तू त्यांची सून."

तिने तुकडा लावला. आधी एक लांब श्वास, मग हुंदका, मग शब्दच न फुटणारं ते रडणं खोलीभर झालं. धाकटीचा चेहरा पांढरा पडला. तिचा नवरा काही बोलणार तेवढ्यात तिने मानेनेच त्याला नको म्हटलं. घाव बरोबर बसला, असं समजून मोठीने आवाज आणखी वाढवला.

"बंद कर ते," नाना म्हणाले. "ती नटी नाही रडत. धाकटी रडतेय."

मोठीला आधी वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण धाकटी मान खाली घालून बसली होती. शेवटी तिच्या नवऱ्यानेच सांगितलं. नायिकेला रडता येत नाही, ती नुसतं तोंड उघडते. गेली चार वर्षं तिचं रडणं धाकटी देते, आणि कुठे बोलायचं नाही असं तिच्याकडून लिहून घेतलंय. हा तुकडा त्या तिसऱ्या दिवसाचा. एरवी रडणं तीन-चारदा रेकॉर्ड करावं लागतं, त्या दिवशी एकदाच केलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मोठीने नानांना विचारलं.

"सांगायला कशाला हवं? तुझी सासू गेली त्या दिवशी धाकटी न्हाणीघरात नळ सोडून रडत होती. तुम्ही सगळे बघत होतात, मी ऐकत होतो. पुढे हा भाग लागला, आणि तेच रडणं. तेव्हापासून साडेसातला बसतो तो त्याच्यासाठी."

"आणि मी रोज सांगते ते?"

खोटं बोलणं नानांच्या अंगात नव्हतं.

"तू बोलत असतेस तेव्हा नीट ऐकू येत नाही," ते म्हणाले.

संध्याकाळच्या आत त्यांची बॅग भरून झाली. धाकटीने त्यांचा हात धरून एकेक पायरी सांगत खाली नेलं. मोठी दारापर्यंतही आली नाही. त्यांनी वळून हाक मारली नाही, याचाच तिला जास्त राग आला.

सोमवारी साडेसातला तिने टीव्ही लावला. नायिकेने पंधराव्या मिनिटाला तोंड उघडलं.

"जरा जास्तच होतंय हिचं," मोठी रिकाम्या खुर्चीला मोठ्यांदा म्हणाली. मग ती गप्प बसली, आणि चार वर्षांत पहिल्यांदाच साडेसातचं रडणं तिला सबंध ऐकू आलं.