पाटीवरची धूळ

अंपायरला टाळ्या पडल्या की समजावं, त्याच्या हातून काहीतरी मोठं चुकलंय. ऑगस्ट लिंडक्विस्टसाठी नवव्या डावात मस्कटीन गावच्या दोन हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

बेसबॉलचा नऊ डावांचा सामना शून्य-शून्य होता. पाहुण्यांचा चेंडू टाकणारा पिचर क्लीटस बर्डेट स्वतःच धाव घेत, जिथे धाव पुरी होते त्या घरच्या पाटीवर घसरत आला आणि ऑगस्टने त्याला बाद दिलं. सबंध मैदानाला अंपायर एकच. तो तेव्हा पार मध्ये उभा, आणि पाटीसमोर मस्कटीनचा धिप्पाड कॅचर आडवा. मग पाटी झाडायला ऑगस्ट वाकला, तर पांढऱ्या रबरावर बुटाची लांब ओढ स्वच्छ उमटलेली, कॅचरच्या गुडघ्याच्या खुणेखाली. म्हणजे कॅचरने अंगाला चेंडू लावण्याआधीच पाय पाटीला लागला होता. हातातला झाडू मात्र सवयीने फिरला आणि खूण गेली. दिलेला निकाल फिरवायची पद्धत नव्हती.

त्या एका धावेवर क्लीटस तिथेच जिंकला असता. त्याऐवजी, बरोबरी सुटेना म्हणून, आता एकविसावा डाव चालू होता. साडेतीनला सुरू झालेला सामना, सात वाजून गेले होते. बटणांच्या कारखान्यामागे सूर्य कलला होता. दिवसभर एकच चेंडू, तंबाखूच्या थुंकीने काळाठिक्कर पडलेला. आणि हा बावीस वर्षांचा गडी अजून तो असा टाकत होता की फलंदाजाच्या बॅटजवळ येऊन चेंडू खाली बुडावा. ऑगस्टने एकोणीस वर्षं अंपायरगिरी केली होती, असं त्याने पाहिलं नव्हतं. आपण हे बघायला लायक नाही असं त्याला वाटत होतं, आणि नजरही हटत नव्हती. पण क्लीटसचं कोपर सुजून टम्म झालं होतं. हात गेला तर पोराचं पोटच गेलं, आणि ते ऑगस्टच्या चुकीपायी.

मस्कटीनची फलंदाजी सुरू व्हायच्या आधी ऑगस्ट चेंडू द्यायच्या निमित्ताने क्लीटसकडे गेला.

"पोरा, अंधार झाला म्हणतो आणि सामना बरोबरीत थांबवतो. नवव्या डावात तू नाबाद होतास."

"ठाऊक आहे. पाय माझाच होता ना."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलून तुम्ही ऐकणार होता होय?" क्लीटस चेंडू चोळत म्हणाला. "चेंडू दिसतोय का तुम्हाला?"

"दिसतोय."

"मग राहू द्या. तेव्हा चुकलात, साहेब. आता थांबवलंत तर ते खोटं होईल."

ऑगस्ट जागेवर गेला.

दोघे बाद झाले. मस्कटीनचा एक गडी दुसऱ्या बेसवर, म्हणजे धावेच्या निम्म्या वाटेवर, पोचला होता. पुढच्या फटक्यावर तो घरच्या पाटीकडे सुटला. चेंडू आला तो क्लीटसच्या कॅचरच्या हाताखालून मागे गेला. मागे क्लीटस होताच. त्याने चेंडू उचलला आणि पाटीवर झेप घेतली. या वेळी ऑगस्टही जिवाच्या आकांताने धावत आला होता. दोन हातांवरून त्याने बघितलं. बूट आधी, चेंडू नंतर, अगदी केसभर.

मूठ वर करून बाद दिलं असतं तर नवव्या डावाची भरपाई झाली असती. त्याचा हात खरोखर उचललाही गेला. मग त्याने दोन्ही तळवे आडवे पसरले.

नाबाद. मस्कटीन जिंकलं. लोक कठड्यावरून उड्या टाकत आत आले, कोणी ऑगस्टच्या पाठीवर थापा मारल्या. त्याला त्या सोसवेनात. क्लीटस पाटीशेजारी मातीतच बसून होता.

"त्याचा पाय आधी लागला," तो म्हणाला. "मीही पाहिलं."

एवढ्या गर्दीत, सगळ्यांच्या देखत, ऑगस्टने हरलेल्या पिचरसमोर डोक्यावरची टोपी काढली.