पाठीवरची चोच

“अगं, पक्ष्याची चोच पाठीवर नसते,” मी म्हटलं.

“माझ्या पक्ष्याची असते,” ती म्हणाली. “तो मागच्यांशी बोलतो.”

वय वर्षं चार. बालवाडीत तिला सगळे वकील म्हणत, आणि ते का, हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. पण बोलता बोलता माझा हात गेलाच. खळ अजून ओली होती. मी चोच अलगद उचलली आणि जिथे असायला हवी तिथे, तोंडाशी, बसवली. वकिलाने एकदा पक्ष्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी तक्रार केली.

“बाई! ह्या ताईने माझा पक्षी बिघडवला!”

बाई तिकडे खळीचं पातेलं घेऊन बसली होती. कणीक पाण्यात शिजवून केलेली ही खळ ती दरवर्षी घरूनच करून आणायची. विकतचा डिंक मुलं खातात, असं तिचं म्हणणं. खळही खायचीच, पण निदान पोटाला त्रास नव्हता. ती हात पुसत उठली, आमच्याजवळ आली आणि मला म्हणाली, “तो पक्षी तुझा आहे का?”

“नाही.”

“मग?”

मी चोच काढून परत पाठीवर लावली. “थोडी डावीकडे,” वकील म्हणाली. मी ती डावीकडे सरकवली.

मोठी सुट्टी लागायच्या आधी बालवाडीत उत्सव असायचा. घरचे लोक यायचे, हॉल सजवायचा, आणि सजावट सगळी मुलांच्या हातची. मागच्या वर्षी मासे होते, त्याच्या आधी तारे. यंदा पक्षी. कागदी ताटली मधोमध दुमडली की अंग, पातळ रंगीत कागद चुरगळला की पंख, नारिंगी पुठ्ठ्याची तिकोनी चोच, डोळ्याच्या जागी जुनं बटण. एवढ्यातून मुलं दुमडायला शिकत, कात्री धरायला शिकत, त्रिकोण म्हणजे काय ते शिकत आणि बटण नाकात घालायचं नसतं हेही शिकत. मी त्या शुक्रवारी रजा काढून मदतीला गेले होते. माझं काम छापायला जाणाऱ्या पुस्तकांतल्या चुका शोधायचं. आयुष्यभर तेच केलं. दुकानाच्या पाटीवरची वेलांटी चुकली असली तरी मला तिथून पुढे जाववत नाही. अशा माणसाला बालवाडीत मदतीला बोलावणं हा बाईचा विनोद होता असं मला आता वाटतं.

“तू बाईंना बाई का म्हणतेस?” वकिलाची उलटतपासणी सुरू झाली. “ती तुझी आई आहे ना?”

“आहे.”

“मग?”

“सवय.”

“मी माझ्या आईला आई म्हणते.”

“बरं करतेस.”

गोष्ट साधी होती. मी तीन वर्षांची असताना ह्याच वर्गात आले. पहिल्या दिवशी मला दाराशी थांबवून ती म्हणाली होती, “वर्गात मी सगळ्यांची बाई हं. तुझी एकटीची नाही.” मी नियम पाळणारी मुलगी. इतकी, की नियम वर्गापुरता आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. घरी आले तरी बाई, आजारी पडले तरी बाई, लग्नात निघताना गळ्यात पडले तरी बाई. तिने कधी दुरुस्त केलं नाही. ती कुणालाच दुरुस्त करायची नाही. वर्गातली लहानगी पोरं सारखी चुकून तिला “आई” म्हणायची आणि मग जीभ चावायची. ती सरळ “ओ” द्यायची. मी एकदा विचारलं होतं, सांगत का नाहीस त्यांना? “काय सांगायचं?” ती म्हणाली, “त्यांनी हाक मारली, मी ओ दिली. चूक कुठे झाली?”

तर मी उठायला गेले आणि त्या बुटक्या टेबलाची कड गुडघ्यावर बसली.

“बाई गं!” मी कळवळले.

“ओऽ,” खळीच्या पातेल्यामागून आवाज आला.

दाराशी केर काढणाऱ्या मावशी हसून हसून भिंतीला टेकल्या. “सगळं जग आई गं म्हणतं,” त्या म्हणाल्या, “आणि आमची ही!” मावशी बालवाडीच्या मदतनीस. मुलांची नाकं पुसण्यापासून बाईची समजूत काढण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. मला त्यांनी ह्याच वर्गात फ्रॉकमध्ये पाहिलेलं, त्यामुळे माझ्यावर हसायचा त्यांना हक्क होता.

“रिकामी बसू नकोस,” बाई मला म्हणाली. “दुसऱ्यांच्यात हात घालायचे नाहीत ना, मग स्वतःचा कर.”

मी चिमुकल्या खुर्चीत, हनुवटीला गुडघे लावून, पक्षी केला. पंख दोन्हीकडे सारखे, चोच नाकासमोर, डोळा जागच्या जागी. बाईने तो खिडकीच्या उजेडात धरून सगळीकडून पाहिला.

“बिनचूक आहे,” ती म्हणाली. ताप आहे, असं सांगावं तशा आवाजात.

मग तालीम झाली. दरवर्षीची पद्धत ठरलेली होती: आपली वस्तू दोरीला लटकवायची आणि ती कुणासाठी केली ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं. मोठ्याने बोलायची सवय व्हावी म्हणून बाईने ही पद्धत पाडली होती. “कुणासाठी?” ती विचारायची. आजोबांसाठी. मलाच. शेजारच्या मांजरीसाठी, पण ती खाईल. बाईच्या अॅप्रनचं टोक धरून दिवसभर तिच्यामागे फिरणारा एक मुलगा होता, त्याला सगळे शेपूट म्हणत. तो काहीतरी पुटपुटला.

“पुटपुटलेलं चालत नाही इथे,” बाई म्हणाली. “पक्ष्याला ऐकू कसं जाणार, कुठे उडायचं ते?” मग तिने माझ्याकडे पाहिलं. “आणि तुझा?”

“अजून ठरवलं नाही.”

“उत्सवाच्या दिवशी सांग मग,” ती म्हणाली. “घाई नाही.”

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. खळीचं पातेलं भिजत घालायला विसरले बघ, म्हणाली, आता दगड झालीये नुसती. मी म्हटलं, घाल आता, सकाळी सुटेल. बरं म्हणाली. रविवारी सकाळी, चहा गाळून झाल्यावर, ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली आणि पुन्हा उठली नाही. चहा दोन कपांत ओतलेला होता. पातेलं मोरीत, पाण्याने भरलेलं.

पुढचे दिवस माणसांचे होते. भेटायला येणाऱ्यांत तिचे जुने विद्यार्थी इतके, की बाबा दर वेळी दारात विचारत, “मासे की तारे?” आणि दाढीवाले बाप्ये लाजून सांगत, “बेडूक.” एका दुपारी घर जरा रिकामं झालं तेव्हा बाबा म्हणाले, “आमची पैज होती, तुला माहीत नसेल.”

“कसली?”

“तू तिला आई कधी म्हणशील त्याची. तुझं बोट दारात चेमटलं होतं ना, तेव्हा मी म्हटलं, आता नक्की. तर तू किंचाळलीस, बाई गं! ती म्हणाली, लग्नात. तिथेही नाही. मग म्हणायची, एखाद दिवशी चुकेल. चुकतं माणूस. पैज कोण हरलं, तेच कळत नाही आता.”

मी उठून मोरीतलं पातेलं घासलं. खळ अगदी सहज सुटली.

संध्याकाळी बालवाडीच्या मोठ्या बाई आल्या. त्यांच्यावर सगळ्या शाळेचा कारभार. त्या चाचरत म्हणाल्या, उत्सव रद्द करूया का? लोक समजून घेतील. मी बाबांकडे पाहिलं.

“पक्षी झालेत ना करून?” बाबा म्हणाले. “मग टांगा. नाहीतर ती मलाच बोलेल.”

उत्सवाच्या सकाळी बाबांनी ते पातेलं माझ्या हातात दिलं. आत खळ होती. गुठळ्याच गुठळ्या. “ती न्यायची ना त्या दिवशी,” ते म्हणाले, “ऐन वेळी काहीतरी निघतंच म्हणून. मी पहिल्यांदाच केली. हसू नकोस.”

हॉल भरला होता. मावशींनी मला बाजूला घेतलं, बाईचा अॅप्रन माझ्या कमरेला बांधला आणि टेबलावरची चादर दूर केली. “बघ,” त्या म्हणाल्या. डोळे सुजलेले, पण चेहऱ्यावर अभिमान होता. “दोन दुपारी बसले. पाहुणे येणार, मोठी माणसं येणार, बाईंचं नाव खाली जायला नको.”

सगळे पक्षी सरळ झाले होते. सगळ्यांच्या चोची पुढे, डोळे जागेवर, पंख कातरून सारखे. खोटं कशाला बोलू, क्षणभर माझ्या नजरेला बरं वाटलं. मग मुलं आली.

वकिलाने टेबलाला एक फेरी मारली. “माझा कुठाय?”

मावशींनी निळा पक्षी पुढे केला. “हा काय. मागे तुझं नाव आहे.”

“नाव माझं आहे,” वकील म्हणाली. “पक्षी माझा नाही.”

दुसऱ्या एकाने आपला हातात घेतला आणि खाली ठेवला. शेपूट दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला. कुणी पक्षी उचलेना. मागे आया-बाबांची कुजबुज सुरू झाली. मोठ्या बाईंनी घड्याळ पाहिलं. मावशींचा चेहरा एवढासा झाला.

“मी काही वाईट नाही गं केलं,” त्या हळूच म्हणाल्या.

“नाही मावशी. मीपण हेच केलं होतं त्या दिवशी. ओरडा खाल्ला.” मी पातेलं टेबलावर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “एक काम राहिलंय. चोच पहिल्यांदा होती तिथे परत लावायची. ज्याची त्याने.”

बाबांच्या खळीला गुठळ्या होत्या, पण चिकटायला ती नंबर एक होती. चोची निघाल्या. कुणाला विचारावं लागलं नाही. प्रत्येकाला आपली जागा पाठ होती. पोटाला, पंखाला, एकाला दोन चोची, दुसऱ्याची चोच त्याच्याकडे गेलेली म्हणून. एक वडील वाकून मुलाच्या कानात म्हणाले, “अरे पुढे लाव ना, तोंडाला.” मुलाने मान वर न करता विचारलं, “तो पक्षी तुमचा आहे का?” सूर असा हुबेहूब होता की मावशींनी तोंडाला पदर लावला आणि रडताहेत की हसताहेत ते त्यांनाही कळेना. मग वकिलाने त्यांच्या हातात आपली चोच दिली. “तुम्ही लावा. मी सांगते कुठे. थोडी डावीकडे.”

खळ वाळेपर्यंत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली.

“बाई मेल्या ना? माझ्या आईने सांगितलं.”

“हो.”

“आता कधीच येणार नाहीत?”

“नाही.”

“पक्षी बघायलापण नाही?”

“नाही.”

तिने विचार केला. “मग खूपच मोठ्याने सांगावं लागेल.”

दोरी बांधली होतीच. मी एकेकाला उचलून घेत गेले, पक्षी अडकवत गेले आणि विचारत गेले, कुणासाठी? आजीसाठी. नवीन बुटांसाठी. माझा दात दुखतो त्याच्यासाठी. टाळ्या पडत होत्या, हसणं चाललं होतं, बाबा मागच्या रांगेत उभे राहून सगळ्यांहून जोरात टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात मागून अॅप्रनचं टोक ओढलं गेलं.

“आई,” शेपूट म्हणाला, आणि वर पाहून जीभ चावली.

“ओ,” मी म्हटलं. तोंडातून निघून गेलं.

त्याने आपला पक्षी वर केला. त्याची चोच शेपटीला होती.

शेवटी टेबलावर एकच पक्षी उरला. बिनचूक. मी तो उचलून पटकन दोरीला अडकवला आणि बाजूला व्हायला लागले.

“सांगितलं नाहीस,” वकील म्हणाली. “कुणासाठी?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

“बाईंसाठी,” मी म्हणाले.

“बाई आमच्या आहेत,” ती म्हणाली. “तुझी कोण?”

हॉल शांत झाला. म्हणजे मला तसं वाटलं. खरं तर कोपऱ्यात एक बाळ रडत होतं आणि कुणीतरी खुर्ची सरकवत होतं. वकील वाट बघत उभी होती. तिला घाई नव्हती.

“आई,” मी म्हणाले.

“पुटपुटलेलं चालत नाही.”

मी वर पाहिलं. चुकीच्या जागी चोची घेऊन सगळे पक्षी गोल गोल फिरत होते, त्यांच्यात माझा एकटा सरळ.

“आई!” मी म्हटलं, दुसऱ्या खोलीत असलेल्या माणसाला मारावी तशी हाक, आणि हॉलमधल्या सगळ्या आयांनी एकदम वळून पाहिलं.