ड्वाइटची भट्टी

माझी मुलगी रेनिटा बोमाँटच्या कोर्टात वकिली करते आणि तिच्या ऑफिसात टाइपिंग मी करते. त्यामुळे मी जरा मिरवलं तर ऐकून घ्यायचं.

आमचा अशील आल्सीड प्रेजाँ पाइपच्या कारखान्यात कामाला होता. हवेची टाकी फुटली आणि त्याचा उजवा हात गेला. कंपनी म्हणाली, यानंच हवा जास्त भरली. आल्सीड म्हणाला, टाकी खालून गंजली होती, मी सांगून सांगून थकलो. नाताळात आम्ही दावा लावला, टाकी दाखवा म्हटलं. उत्तर आलं, ती तुमच्या दाव्याआधीच भंगारात गेली. म्हणजे आल्सीडच खोटा. चर्चमध्ये लोक त्याच्याशी जपून बोलायला लागले, ते बघून माझं डोकं फिरायचं.

मग कारखान्याचा फोरमन ड्वाइट एबेर शपथेवर जबानी द्यायला आमच्या ऑफिसात आला. जूनमधल्या जत्रेत त्याच्या नव्या भट्टीवर भाजलेल्या मांसाला पहिलं बक्षीस मिळालं होतं. आमच्याकडे पुरुष स्वतःची भट्टी स्वतः जोडतात आणि बायकोपेक्षा तिचंच कौतुक जास्त करतात.

रेनिटानं गोड आवाजात विचारलं, "मिस्टर ड्वाइट, भट्टी विकत घेतलीत का हो?"

"विकत?" ड्वाइट उखडलाच. "विकतची असतात ती डबडी! ही मी जोडलीय. आमच्या कारखान्यातली हवेची टाकी, चांगलं जाड पोलाद."

कंपनीचा वकील खोकला. ड्वाइट कसला थांबतोय!

"जी फुटली, तीच का?" रेनिटानं विचारलं.

"तीच की. तळ पार गंजून कुजला होता, बोट लावलं की भुगा. तो कापून फेकला, नवी प्लेट बसवली. गंजक्या तळावर कोण मांस भाजतं?"

"कधी कापलात?"

"यंदा एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत. साहेबच म्हणाले, लवकर ने."

दावा तर नाताळातच लागला होता; कंपनीच्या वकिलानं कपाळाला हात लावला. मी टाइप करत होते, हसू दाबताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काय पोरगी जन्माला घातलीय मी!

रेनिटानं दावा दुरुस्त करायचा अर्ज दिला: दावा चालू असताना कंपनीनं पुरावा नष्ट केला, हे त्यात घालू द्या. समोरचे म्हणाले, आता फार उशीर झाला. न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"तळ तुम्ही फेकलात, आणि उशीर यांना झाला? अर्ज मंजूर."

दुरुस्त दाव्याखाली आल्सीडची शपथेची सही हवी होती. पहिल्या वेळी त्यानं मान खाली घालून डाव्या हातानं सहीऐवजी नुसती फुली मारली होती.

"मिस वर्ना, तेवढा नवा परिच्छेद परत वाचा," तो म्हणाला. मी वाचला, बाहेरच्या व्हरांड्यात ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

"फुली चालेल, आल्सीड," मी म्हटलं.

"आज नाही."

त्यानं डाव्या हातात पेन धरलं. ओठ चावत, घाम पुसत, त्यानं अक्षर अक्षर करून आपलं पूर्ण नाव लिहिलं.